उपद्रवी जीवांविषयीं आमचें कर्तव्य

खेड्यांतील घर कधींही एकट्या मनुष्याचें नसतें. वळचणीस चिमणी घरटें बांधिते, कणगीखालीं उंदीर पोखरतो, परसांत घूस माती उकरून भिंतीचा पाया मोकळा करिते, मुंगूस कोंबडीचीं पिलें पळवितें, वानरांची टोळी कौलांवरून उड्या मारीत गेली म्हणजे पावसाळ्यापूर्वीं केलेली शाकारणी फुकट जाते, आणि उंदराच्या मागें आलेला साप सरपणाच्या ढिगांत वेटोळें घालून बसतो. ह्या सर्वांस आम्ही एका शब्दांत ‘उपद्रवी’ म्हणतों, आणि एकदां तो शब्द उच्चारला कीं त्यांच्याशीं कसें वागावें ह्याचा विचार बहुधा तेथेंच संपतो. आज वाचकांनीं आमच्याबरोबर त्या शब्दापाशीं थोडें थांबावें अशी आमची विनंती आहे. जो जीव आमच्या घराचें किंवा शेताचें नुकसान करितो, त्याचें आम्ही काय करावें आणि काय करूं नये? प्रश्न लहान दिसतो. परंतु तो दररोज पुढें येतो, आणि जे प्रश्न दररोज पुढें येतात त्यांच्या उत्तरांनींच मनुष्याचें मन घडत जातें.

आमच्या गांवांतून ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें तयार असतात. एक उत्तर असें कीं, देवानें पृथ्वीवरील प्राणी मनुष्याच्या स्वाधीन केले आहेत. तेव्हां जो त्रास देईल त्यास मारावें, त्यांत विचार तो कसला? दुसरें असें कीं, जीव कोणाचाही असो, तो घेणें पाप होय. त्रास सोसावा, दोन दाणे टाकावे, आणि अगदींच असह्य झालें तर धरून दूर नेऊन सोडावें. एक उत्तर एका समाजाचें व दुसरें दुसऱ्याचें असें नाहीं. एकाच घरांत सकाळीं एक व संध्याकाळीं दुसरें ऐकूं येतें. दोहोंतही कांहीं सत्य आहे. तथापि दोन्ही अपुरीं आहेत, आणि दोन्ही एकाच ठिकाणीं अपुरीं पडतात असें आम्हांस वाटतें. तें ठिकाण कोणतें हें दाखविण्याचा आम्ही येथें प्रयत्न करितों.

प्रथम, उपद्रव खरा आहे हें मान्य केलें पाहिजे. ज्याची कणगी भरलेली आहे व ज्याच्या घरास पक्की जोती आहे, त्यानें उघड्या झोपडींत राहणाऱ्यास दयेचा उपदेश करणें सोपें असतें. सन २००० पासून २०१९ पर्यंतच्या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें मेलीं, म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. आणि त्यांतील बहुतेक मृत्यु खेड्यांतले होते. उंदराची गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां तो कसा पसरतो हें कोणास नीट ठाऊक नव्हतें. १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें दाखविलें कीं उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पोहोंचविते. पुढें १९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले. त्याचें एक कारण असें सांगण्यांत आलें कीं, १९९३ सालच्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाल्यावर त्या मुलखांतील लोकांनीं घरें सोडलीं, धान्य घरांतच राहिलें, व त्यावर उंदीर बेसुमार वाढले. पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांत उंदराचें मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो, हें कोंकणांतल्या शेतकऱ्यांस वेगळें सांगावयास नको. म्हणून उंदीर घरांत राहूं देणें ही दया नव्हे. आपल्या लेंकरांचें रक्षण करणें हें आईबापांचें पहिलें कर्तव्य आहे, व त्याबद्दल कोणीं लाजण्याचें कारण नाहीं.

आतां पहिल्या उत्तराकडे वळूं. प्राणी मनुष्याच्या स्वाधीन केले आहेत हें खरें. परंतु ज्याच्या स्वाधीन कांहीं केलें जातें तो कारभारी असतो, आणि कारभाऱ्यास आपल्या हाताखालीं कोण काय काम करितो ह्याची माहिती असावी लागते. माहितीवांचून चालविलेल्या सत्तेचें फळ काय होतें ह्याचें मोठें उदाहरण चीन देशांत घडलें. १९५८ सालीं तेथील सरकारनें उंदीर, माश्या, डांस व चिमण्या ह्या चार शत्रूंचा नायनाट करण्याची मोहीम काढिली. चिमणी दाणे खाते एवढेंच पाहिलें गेलें. लोकांनीं घरटीं मोडलीं, अंडीं फोडलीं, आणि थाळ्या व ढोल बडवून पांखरांस कोठें बसूं दिलें नाहीं, तेव्हां तीं थकून आकाशांतून खालीं पडलीं. परंतु तीच चिमणी पिलांस भरवितांना अगणित अळ्या व किडे वेंचीत असते. चिमण्या गेल्या आणि पिकांवर किडीचें राज्य झालें. १९६० सालीं चिमणीचें नांव त्या यादींतून काढून तेथें ढेकणाचें घालण्यांत आलें. पण तोंवर देश घोर दुष्काळांत सांपडला होता. त्या दुष्काळाचीं कारणें पुष्कळ होतीं, तरी हें त्यांपैकीं एक होतें.

असला अविचार करण्यास सरकारच पाहिजे असें नाहीं. तो आमच्या अंगणांतही होतो. घोणस दिसली तर भीति योग्यच आहे. परंतु धामण दिसली तरी काठ्या धांवतात. धामणीस विष नाहीं, आणि उंदीर हें तिचें मुख्य अन्न आहे. ती मेली म्हणजे बांधावरचे उंदीर निर्धास्त होतात, आणि जेथें उंदीर वाढले तेथें त्यांच्या मागें नाग येतो. गव्हाणी घुबडाची गोष्टही तशीच. त्याचें ओरडणें अशुभ मानून त्यास दगड मारितात. वस्तुतः तें रात्रभर आमच्या शेतांत उंदीर धरण्याचें काम फुकट करीत असतें. ज्या मंडळींनीं शकुन-अपशकुनाचें जूं मानेवरून उतरविलें आहे, त्यांच्या घरांत तरी घुबडाविषयींची ही भीति राहूं नये.

ह्याच पहिल्या उत्तराच्या पोटीं विषाचा उपयोग येतो. पिठांत कालविलेली विषाची गोळी सांदींत ठेविली कीं काम झालें, असें वाटतें. पण विषास माणसाची आज्ञा कळत नाहीं. ती गोळी रांगतें मूल उचलितें. शेजारणीची कोंबडी टिपते. विषानें मरणारा उंदीर मांजर किंवा घुबड खातें आणि पुष्कळ विषें तेथूनही पुढें जातात. २०२० सालच्या मे महिन्यांत केरळांत एका गाभण हत्तिणीच्या तोंडांत स्फोटक भरलेलें फळ फुटलें, आणि ती वेदनेनें नदीच्या पाण्यांत उभी राहून तेथेंच मेली. असलीं फळें रानडुकरांसाठीं ठेवीत असत. आमच्याकडेही डुकरांसाठीं ‘गांवठी बॉम्ब’ ठेवणारे आणि कुंपणाच्या तारेंत चोरून वीज सोडणारे आहेत, व त्या तारेस रात्रीं पाणी धरावयास निघालेला मनुष्यच चिकटून मेल्याच्या बातम्या पुनःपुन्हा येतात. मोशेच्या नियमशास्त्रांत अशा मनुष्याविषयीं एक साधा नियम आहे: ज्यानें खाडा खणून उघडा ठेविला व त्यांत दुसऱ्याचा बैल पडून मेला, त्यानें बैलाच्या धन्यास भरपाई द्यावी. त्याच्या मनांत बैल मारावयाचें नव्हतें, ही सबब तेथें चालत नाहीं. सांदींतली विषाची गोळी व कुंपणाची तार हे आमच्या काळचे उघडे खाडे आहेत.

आतां दुसरें उत्तर पाहूं. तें अधिक कोमल दिसतें, म्हणून त्याची परीक्षा अधिक सावधपणें केली पाहिजे. वाटेवरच्या देवळापाशीं किंवा घाटांत गाडी थांबवून माकडांस केळीं व बिस्किटें देणारा मनुष्य संतोषानें घरीं जातो. पण माकड मनुष्याच्या हातचें खाण्यास शिकलें म्हणजे त्याची भीड जाते. मग तें जवळच्या वाडींतले नारळ पाडतें, आंबे कुरतडतें, स्वयंपाकघरांत शिरून भाकरी नेतें, आणि अडविणाऱ्या बाईस चावतें. पुण्य एकाच्या पदरीं व नुकसान दुसऱ्याच्या, अशी ही वांटणी आहे. मुंबईंत हाच वाद कबुतरांवरून झाला. कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासाबरोबर जाऊन कित्येकांच्या फुप्फुसांस सूज येते, असें वैद्य सांगतात. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें तेथील कबुतरखाने बंद करण्याचा हुकूम केला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनें झांकला गेला, पुष्कळ लोकांचीं मनें दुखावलीं, आणि प्रकरण उच्च न्यायालयापुढें गेलें. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा आम्ही खोटी म्हणत नाहीं. परंतु ज्या म्हाताऱ्यास खिडकी उघडतां येत नाहीं, त्याचा खोकलाही त्या हिशेबांत धरला पाहिजे.

‘धरून दूर सोडावें’ ह्या तोडग्याचेंही असेंच आहे. पिंजऱ्यांत सांपडलेला उंदीर मारवत नाहीं म्हणून गडीमाणूस तो नेतो आणि दुसऱ्या आळींतल्या उकिरड्यावर सोडतो. जीव वांचला, हात स्वच्छ राहिले. पण उंदीर कोणाच्या कणगींत गेला? हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर जुन्नरास घडली. तेथील ऊंसांत बिबटे राहतात. १९९३ पासून २००१ पर्यंत त्या वनविभागांत माणसांवर वर्षास सरासरी चार हल्ले होत. २००१ सालीं बिबटे धरून दूरच्या रानांत नेऊन सोडण्याचें काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालें, आणि त्यापुढील काळांत जुन्नरांतले हल्ले कमी होण्याऐवजीं वर्षास सुमारें सतरांवर गेले, असें ह्या विषयाच्या अभ्यासकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें. अनोळखी मुलखांत टाकलेला, पिंजऱ्यानें बिथरलेला प्राणी अधिक भयंकर होतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेंत दुसरा येतो. ज्यांनीं तें काम केलें त्यांचा हेतु चांगला होता. परंतु चांगल्या हेतूनें संकट नाहींसें होत नाहीं, तें बहुधा दुसऱ्याच्या दारीं जातें.

येथें दोन्ही उत्तरांचें साम्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. विष ठेवणारा व दाणे टाकणारा हे एकमेकांस निष्ठुर व ढोंगी म्हणोत. दोघेही आपल्या कृत्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल करितात. एकाची किंमत मुका प्राणी व शेजाऱ्याचें मूल देतें, दुसऱ्याची वाडीवाला व आजारी मनुष्य देतो. म्हणून उपद्रवी जीवाविषयीं आमचें कर्तव्य ठरवितांना ‘मारावें कीं न मारावें’ हा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न असा आहे कीं, ह्या उपायाची किंमत कोण देणार? ती शक्य तितकी आपण स्वतः द्यावी, हाच न्यायाचा व प्रीतीचाही मार्ग आहे.

ही किंमत बहुधा पैशांत नसून श्रमांत असते. उंदीर, साप व माकड हे निमंत्रणावांचून क्वचितच येतात. कणगीस घट्ट झांकण घालणें, बोटाचें पेर जाईल एवढेंही भोंक पत्र्यानें किंवा सिमेंटानें बुजविणें, खरकटें व उकिरडा घराजवळ न ठेवणें, सरपण व गोवऱ्या भिंतीपासून दूर रचणें, कोंबड्यांचें खुराडें रात्रीं नीट बंद करणें, हीं कामें कंटाळवाणीं आहेत खरीं; पण ह्यांत कोणाचाही जीव जात नाहीं आणि कोणाच्याही दारीं संकट जात नाहीं. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यांस चावते; म्हणून बाजेवर निजावें, मच्छरदाणी चोहोंकडून खोंचावी, आणि अंधारांत दिव्यावांचून पाऊल टाकूं नये. एवढें करूनही साप चावला तर मांत्रिकाकडे घटकाभरही न दवडतां, जखम न कापतां व दोरीनें न आवळतां, रोग्यास सरकारी दवाखान्यांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आहे. उशीर मात्र तिला सोसत नाहीं.

दुसरें, जेथें थोडें थांबून भागतें तेथें थांबावें. चिमणीचीं अंडीं फुटून पिलें उडून जाण्यास महिनाभरही लागत नाहीं. वळचणीची दुरुस्ती तेवढी पुढें ढकलली तर आमचें काय जातें? नियमशास्त्रानें पांखराचें घरटें सांपडलें असतां आईस सोडून देण्यास सांगितलें, तें मनुष्याच्या भुकेसही मर्यादा असावी म्हणूनच. आजचा कायदाही ह्या बाबतींत कडक आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें रानपांखरांचीं घरटीं व अंडीं मोडणें हीदेखील शिकारच समजतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं प्रामाणिकपणें केलेलें कृत्य मात्र गुन्हा ठरत नाहीं. ह्याच कायद्यास पूर्वीं उपद्रवी जीवांची एक कायमची यादी जोडलेली होती, व तींत कावळा, उंदीर व फळें खाणारीं वटवाघळें हीं होतीं. २०२२ सालच्या दुरुस्तीनें ती यादी गेली. आतां सरकारास एखाद्या प्राण्यास उपद्रवी ठरवावयाचें असेल तर अमुक प्रदेशांत व अमुक मुदतीपुरतें असें जाहीर करावें लागतें. ह्या फेरफारांत आमच्यासाठीं एक विचार आहे. वटवाघूळ चिकू खातें हें खरें. पण तेंच फुलांचे पराग पोहोंचवितें आणि रानांत बीं पेरतें. उपद्रव हा त्या जीवाचा स्वभाव नव्हे. तो एका जागीं, एका वेळीं त्याचें व आमचें जें भांडण होतें त्याचें नांव आहे. भांडण मिटलें कीं शिक्काही पुसला पाहिजे.

तिसरें, मारणें प्राप्तच झालें, आणि उंदरांच्या बाबतींत तें पुष्कळदां होतें, तर तें लवकर व जबाबदारीनें करावें. चापाच्या सांपळ्यांत उंदीर क्षणांत मरतो. चिकट पाटीवर तो रात्रभर तडफडतो व कातडें सोलून घेतो. जो ती पाटी सकाळीं नुसती उचलून कचऱ्यांत फेंकतो, त्यानें मारण्याचें काम टाळलें असें नाहीं. तें उपासमारीवर सोंपविलें. आणि घरांत उंदीर आपोआप मरून पडूं लागले तर त्यांस हात न लावतां ताबडतोब आरोग्यखात्यास कळवावें, कारण उंदीर मेला म्हणजे पिसवा माणसाकडे वळतात.

येथें एक गरीब शेतकरी आम्हांस थांबवून म्हणेल, ‘तुमचें म्हणणें चांगलें, पण माझें एक एकर भुईमूग रानडुकरांनीं एका रात्रींत उकरला, तर किंमत मींच द्यावी काय?’ हा आक्षेप आम्ही अत्यंत बळकट मानितों. ज्या रानाचा व रानांतल्या जीवांचा लाभ सर्व देशास होतो, त्यांचें ओझें रानाच्या कडेस राहणाऱ्या दोन एकरवाल्यानें एकट्यानें वाहावें, हा उघड अन्याय आहे. शहरांतील जो मनुष्य बिबट्याचें चित्र पाहून आनंदतो, तो ह्या शेतकऱ्याचा ऋणकरी आहे. म्हणूनच पिकाच्या व जनावरांच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळण्याची तजवीज आपल्या राज्यांत आहे. ती मागणें भिक्षा नव्हे, हक्क होय. परंतु अर्ज वेळेवर जात नाहीं, पंचनामा होत नाहीं, आणि गरीब मनुष्य कचेरीच्या पायरीवरून परत येतो. येथें आमच्या उपदेशकांस व शिकलेल्या तरुणांस मोठें काम आहे. अर्ज लिहून द्यावा, बरोबर जावें, पुन्हा पुन्हा विचारावें. आणि सुगीच्या दिवसांत राखणीच्या पाळ्या सर्व घरांनीं वांटून घ्याव्या. विधवेच्या शेतावरचा माळा रिकामा राहूं देऊं नये. अकरा घरें आळीपाळीनें जागलीं तर एकासही विजेची तार लावण्याची बुद्धि होणार नाहीं. ओझें वांटून घेणें हाच गरिबास निष्ठुरतेपासून वांचविण्याचा खरा उपाय आहे. नुसता निषेध करून तें साधत नाहीं.

शेवटीं मुलांविषयीं. घरांत उपद्रवी जीवाशीं आम्ही कसें वागतों हें मुलें पाहात असतात. ज्या घरांत साप मेल्यावर त्यास काठीवर घेऊन मिरवितात, गलोलीनें चिमणी पाडणाऱ्या मुलाची नेमबाजी वाखाणितात, तेथें मूल दुबळ्यास दुखविण्यांत मौज असते हें शिकतें. आणि पुढें तें ज्ञान फक्त पांखरांपुरतें राहात नाहीं. ज्या घरांत बाप भोंक बुजवितो, आई झांकण लावते, लागेल तेव्हां सांपळा लावून उंदीर न हंसतां मारितात, आणि पिलें उडेपर्यंत वळचण तशीच ठेवितात, तेथें मूल हें शिकतें कीं बळ हें राखण्यासाठीं आहे. वाचकहो, सुगी जवळ आली आहे. कणग्या भरण्यापूर्वीं त्यांचीं झांकणें पाहा, भिंतींचीं भोंकें पाहा, सांदींत जुनी विषाची पुडी पडली असेल तर ती मुलांच्या व जनावरांच्या हातीं लागणार नाहीं अशी तिची व्यवस्था लावा; आणि राखणीस कोणाच्या घरीं माणूस कमी आहे तें येत्या रविवारीं मंडळींत विचारा.